भाषणाचा राहिलेला भाग

प्रिय अक्कास (आणि मठातल्या बाकीच्या बहिणी तुझ्या खांद्यावरून वाचत असतील तर, आदरणीय सिस्टरांस),

तुझ्या पाठच्या भावाचा नमस्कार. प्रभूची शांती तुझ्याबरोबर असोच, पण तुझ्या गुडघ्याबरोबरही असो. कारण गेल्या वेळी फोनवर तू ‘गुडघा ठीक आहे’ म्हणालीस तेव्हा मागे कुणीतरी सिस्टर मोठ्याने हसल्या होत्या. तुमच्या वृद्धाश्रमातली मंडळी कशी आहेत? ज्या आजी रोज सकाळी ‘मी अजून इथेच कशी?’ असं तुला विचारायच्या, त्यांना उत्तर मिळालं का? मिळालं असेल तर मलाही कळव. इकडे हिची कंबर, माझा घसा आणि मुलीची परीक्षा, तिन्ही जागच्या जागी आहेत. एवढं लिहून सही ठोकता आली असती तर किती बरं झालं असतं! पण बाबा ठीक नाहीत. ते तुला धाकट्याने कळवलंच असेल, आणि कसं कळवलं असेल तेही मी इथे बसून सांगतो: ‘बाबा झुंज देताहेत.’ अक्का, बाबा झुंज देत नाहीत. झुंज यंत्र देतंय. बाबा खाली पडून ती बघताहेत.

खरी परिस्थिती अशी. आधी फुप्फुसं गेली, त्यांच्या पाठोपाठ मूत्रपिंडं गेली (आपल्या घरात एकटं कुणी कुठे गेलंय?). गळ्याला भोक पाडून नळी घातली आहे, तिच्यातून यंत्र हवा ढकलतं. दिवसाआड रक्त धुवायला नेतात आणि परत आणतात तेव्हा बाबांचा चेहरा रंधा मारलेल्या फळीसारखा पांढरा पडलेला असतो. दोन्ही हात खाटेच्या कठड्याला कापडी पट्ट्यांनी बांधलेत, कारण सुरुवातीला त्यांनी नळी उपटून काढली होती. शुद्ध मात्र पुरती जागेवर आहे. आयुष्यभर शवपेट्या बनवलेला माणूस. शेजारच्या खाटेवर नवा रुग्ण आला की त्याच्या डोक्यापासून पायांपर्यंत अशी नजर फिरवतात, की मला मध्ये उभं राहून त्या नातेवाइकांशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागतात. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, डोळ्यांखाली काळं आलेलं, खोटं बोलायला वेळ नाही. त्यांनी सरळ सांगितलं की यातून परत येणं नाही. यंत्र आता आयुष्य वाढवत नाही, मरण लांबवतंय. तुम्ही भावंडं मिळून काय ते ठरवा. भावंडं मिळून! आपण तिघांनी मिळून आजवर रेडिओचं स्टेशनसुद्धा ठरवलेलं नाही.

नर्स अंग पुसायला पट्ट्या सोडते, तेवढ्या वेळात बाबा उजवा तळहात चादरीवरून हलकेच फिरवतात आणि मग बाजूला नेऊन ठेवतात. पेटी पुरी झाली की झाकणावरून असाच हात फिरवायचे आणि मग हत्यारं आवरायचे, तुला आठवत असेल. मी म्हणतो, बाबा ‘झालं’ म्हणताहेत. धाकटा म्हणतो, चादर टोचतेय. त्याने नव्या मऊ चादरी आणल्या. बाबांनी त्यांच्यावरूनही हात फिरवला. आता तो गादी बदलायच्या विचारात आहे.

तू म्हणशील, एवढं तोंड दिलंय देवाने तुला, धाकट्याला समजावलं का नाहीस? अगं, त्याला समजावलं ते मीच! दयामरणाचा कायदा येतोय म्हणून चर्चच्या सभागृहात माझं भाषण ठेवलं होतं. बाबा तेव्हा धडधाकट, पहिल्या रांगेत बसून पेंगत होते. मी म्हणालो, जो समाज म्हाताऱ्याच्या औषधाचा हिशोब मांडतो तो उद्या त्याच्या श्वासाचा मांडेल. श्रीमंताच्या मरणाला हे ‘निवड’ म्हणतील आणि गरिबाच्या मरणाला ‘सोय’! ज्याला आपण ओझं वाटतो तो म्हातारा स्वखुशीने मरण मागत नाही, आपण त्याच्याकडून ते वदवून घेतो! माणसाचा एकही श्वास कुणाच्या बापाचा नाही! (हे वाक्य मी हल्ली फार जपून आठवतो.) यावर टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो थांबेचना. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांना कसलाही गजर झाला की तास संपला असंच वाटतं. ते उठले, माझ्या हातात गुच्छ कोंबला आणि आभार मानायला लागले. आणि एकदा ते आभार मानायला लागले की त्यांना थांबवणं देवदूतांच्याही हातात नाही. माझं भाषण अर्धंच झालं होतं, अक्का. राहिलेला भाग खिशातच घेऊन मी घरी आलो.

त्या राहिलेल्या भागात काय होतं? हेच, की मारणं पाप आहे म्हणून मरू न देणं हे पुण्य ठरत नाही. अन्न, पाणी, स्वच्छता, ऊब, माणसाचा हात, हे शेवटपर्यंत देणं आपल्यावर बंधनकारक आहे. पण ज्या उपचाराने फक्त यातना लांबतात तो नाकारायचा रुग्णाला हक्क आहे, आणि चर्चने हे आजकाल नव्हे, कधीचं सांगून ठेवलंय. सुई टोचून जीव घेणारा स्वतःला देव समजतो; आणि यंत्राचं बटण कधीच बंद करायचं नाही म्हणणारा यंत्राला देव समजतो. आम्ही बायबलातल्या सोन्याच्या वासराला पुजणाऱ्यांना हसतो आणि हिरव्या रेघेच्या पडद्यासमोर गुडघे टेकतो! ज्यांचा पुनरुत्थानावर विश्वास आहे त्यांनीच मरणाला इतकं भ्यावं? (पाहिलंस, इथेसुद्धा टाळ्या पडल्या असत्या.) पहिल्या भागातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण अर्धं सत्य सांगून लोकांना घरी पाठवलं की ते उरलेला अर्धा भाग आपल्या भीतीतून भरून काढतात.

धाकट्याने ते अर्धं भाषण फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय. डॉक्टरीणबाई बोलल्या, तसं त्याने कॉरिडॉरमध्ये फोन काढला आणि त्यांना ते ऐकवलं. आवाज माझा, आवेश माझा, टाळ्या माझ्या, आणि समोर खाली मान घालून उभा मी! बाई म्हणाल्या, ‘कोण हे? फार छान बोलतात.’ मी तिथल्या तिथे राहिलेला भाग सुरू केला. चांगला रंगात आलो होतो, तेवढ्यात पहारेकऱ्याने दंडाला धरून बाहेर नेलं. म्हणाला, ‘साहेब, इथे आजारी माणसं आहेत. सभा बाहेर पार्किंगमध्ये घ्या.’ हिला घरी येऊन सांगितलं तर ही म्हणते, ‘तुमचं राहिलेलं भाषण ऐकणारी जगात मी एकटीच. आणि मी तर पहिलंही ऐकलेलं नाही, चहा करत होते.’

शेवटी फादरांकडे गेलो. त्यांच्या घरी माणसांचा राबता, म्हणून म्हटलं पापनिवेदनाच्या पेटीतच बोलावं, तिथलं बाहेर जात नाही. पण फादरांना आता ऐकू कमी येतं हे मी विसरलो, आणि कुजबुजणं मला जन्मात जमलं नाही. मी म्हणालो, ‘फादर, बाबांनी आता जावं असं मला वाटतं.’ आतून फादर म्हणाले, ‘काय वाटतं?’ मी पुन्हा म्हणालो. ‘कुणी जावं?’ तिसऱ्या वेळी मी सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचणारा आवाज लावला. फादरांना ऐकू गेलं. बाहेरच्या रांगेलाही गेलं. फादरांनी मात्र धीराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुझं म्हणणं बरोबर आहे, यात पाप नाही. पण बरोबर असलेली गोष्ट माणसाने एवढ्या जोरात बोलू नये. बाहेर आलो तर रांगेने मला वाट करून दिली, महारोग्याला देत असत तशी. रांगेत पहिली उभी होती धाकट्याची बायको.

त्यानंतर जे झालं त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही, आणि मी शोधून पाहिलंय. धाकटा बाबांच्या खाटेशी बसून त्यांची दाढी करत होता. (रोज करतो. गळ्याच्या नळीभोवती वस्तरा इतका हळू फिरवतो की नर्ससुद्धा बघत उभ्या राहतात. मी बाबांच्या उशाशी उभा राहतो, वाचतो, प्रार्थना म्हणतो. हात लावायला मला भीती वाटते.) माझ्याकडे न बघता तो म्हणाला, ‘दादा, तू सगळ्यांना बोलून बोलून गप्प करतोस. आता बाबांना बोलता येत नाही, तर त्यांच्या वतीनेही तूच बोलणार?’ मी म्हणालो, अरे, त्यांच्या हाताकडे बघ. तो म्हणाला, ‘बघतो. तू नसतोस तेव्हा तो हात मीच धरतो.’ बाबा ऐकत होते. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत राहिला.

असो. घसा बसलाय, आणि कागदावरसुद्धा तो बसलेला जाणवत असेल. मठातल्या सगळ्यांना नमस्कार सांग. आमच्यासाठी प्रार्थना कर. ती मात्र अर्धी करू नकोस.

तुझा,
बडबड्या

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आई गेल्यावर धाकट्याला तू वाढवलंस, तो तुझं ऐकेल. तू शेकडो माणसांच्या शेवटच्या घटकेला उशाशी बसली आहेस. ‘बाबांना सोडणं म्हणजे बाबांना मारणं नव्हे’ एवढंच तू त्याला सांग. मी सांगितलं की ते भाषण होतं. जमलं तर मिळेल ती पहिली गाडी पकडून निघ.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी दवाखान्यात जाऊन आलो, म्हणून पुन्हा लिहितो. धाकट्याला आता काही सांगायची गरज नाही. आज त्याने स्वतः बाबांच्या हाताच्या पट्ट्या सोडल्या, कानाशी वाकला आणि विचारलं, ‘बाबा, काढायची का नळी? दादाचं राहू दे, तुम्ही सांगा.’ बाबांनी होकारार्थी मान हलवली. एकदाच, पण स्वच्छ. धाकटा पुष्कळ वेळ त्यांच्या छातीवर डोकं टेकून राहिला. मग डोळे पुसून डॉक्टरीणबाईंना म्हणाला, ‘आमचं ठरलं.’

ता. क. ३. बाईंनी मला विचारलं, मग कधी? अक्का, सगळे माझ्याकडे बघत होते. बाबासुद्धा. तिथे अध्यक्ष नव्हते, टाळ्या नव्हत्या, मला कुणी अडवत नव्हतं, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. धाकटा म्हणाला, ‘बोल ना दादा.’ मी म्हणालो, ‘आमच्या अक्का यायच्या आहेत, त्या आल्या की.’ सगळ्यांनी ते मान्य केलं. तेव्हा वर पहिल्या गाडीचं जे लिहिलंय ते खोडलं असं समज. तू ये. पण सावकाश ये.