अक्का, पाय थरथरायलाय

४ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, झोपेत दात आवळता, म्हणून जबडा दुखतो. "कामाचा ताण आहे का?" मी नुसती हसले. बस डेपोत कंट्रोलर मी. नऊ ड्रायव्हर कमी, आणि साहेबांचा हुकूम — एकही फेरी रद्द होता कामा नये. रोज दुपारी उद्याचा ड्युटी चार्ट लावते, कुणाच्या तोंडाकडं बघत नाही.
जे कुणाशी बोलता येत नाही ते लिहा, डॉक्टर म्हणाले. लिहितेय.

६ नोव्हेंबर
मंठाळ गावचा ड्रायव्हर गुंडेराव आज पुन्हा खिडकीशी आला. अठरा वर्षं गाडी चालवतोय. गेल्या महिन्यात एक मोटारसायकलवाला त्याच्या बसखाली येता येता वाचला. तेव्हापासून — "अक्का, समोरून लॉरी आली की पाय थरथरायलाय. ब्रेक कुठं हाय तेच कळंना. थोडे दिस वर्कशॉपला ठिवा."
ही तिसरी खेप. मी मान वर न करताच म्हणाले, "समद्यालाच होतंय अण्णा. मलाबी होतंय."
"बरं," म्हणाला. गेला.

७ नोव्हेंबर
ते वाक्य इतक्या पटकन कुठून आलं?
आठवलं. मी कंडक्टर होते, सातवा महिना चालू. बसून करायची ड्युटी मागितली तर जुना कंट्रोलर म्हणाला, "सगळ्याच बायकांना होतं, पंचशीला." मीही नुसतं "बरं" म्हणाले होते.

९ नोव्हेंबर
कमठाण्याच्या अलीकडं गुंडेरावनं गाडी बाजूला घेतली, चावी कंडक्टरच्या हातात दिली आणि लिंबाखाली जाऊन बसला. चाळीस प्रवासी रस्त्यावर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फोनवर मला एवढंच म्हणाला, "मारलो असतो अक्का कुणाला तरी."
साहेब खवळलेत. सस्पेंड करतो म्हणतात. रिपोर्ट मी द्यायचा. त्यात एक रकाना — ड्रायव्हरनं आधी कुणाला कळवलं होतं का?

१० नोव्हेंबर
रकाना कोराच. तो तोंडी बोलला होता, साक्षीला कुणी नाही. "कळवलं नव्हतं" — दोन शब्द लिहिले की मी सुटले. त्याची अठरा वर्षं गेली.
अमरदीपला सांगितलं. नवरा म्हणून तो काहीतरी सल्ला देईल वाटलं होतं. म्हणाला, "नोकरी तुझी हाय, तूच बघ. पर जबडा दुखायचा थांबलाय का?"

१२ नोव्हेंबर
लिहिलं. ऑफिसच्या कन्नडमध्ये, सरळ — तीन वेळा मला सांगितलं होतं. मी वर कळवलं नाही, ड्युटी लावली.
साहेबांनी कागद परत सरकवला. "एवढं वाक्य काढा. तुमच्यावरच येईल."
"येऊ द्या साहेब. माझंच हाय ते."
बाहेर आले. अजून भीती वाटतेय.

१८ नोव्हेंबर
मला मेमो. गुंडेराव वर्कशॉपला.

१९ नोव्हेंबर
चार्ट लावला. जगदेवप्पा, सगळ्यात जुना ड्रायव्हर, कधी तक्रार नाही — खिडकीशी येऊन उभा. "अक्का, मलाबी सांगायचं हाय."
मान वर केली. त्याच्यामागं अजून सहा जण होते.