अध्यक्षपदी निवडून आलेला बाक

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (कंबर धरलीय, म्हणून नमस्कार खुर्चीतूनच, चालवून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला थांबला का? आम्ही मजेत. म्हणजे माझी नोकरी अजून आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, विद्यापीठाच्या विद्यार्थी कचेरीचा कारभार माझ्याकडे आणि माझं लक्ष खिडकीकडे. गेल्या वर्षी विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीत तीन हजारांपैकी अकरा मतं पडली, त्यातली चार उमेदवारांचीच. (पाचव्याला शून्य; तो स्वतःही फिरकला नव्हता.) कुलगुरू म्हणाले, पोरांच्या हातचा मोबाइल सुटत नाही ना, मग मतपेटीच त्यात घाला. झालं, ब्लॉकचेन आली. सोबत एक तज्ज्ञ आला, त्याला आम्ही साखळीवाला म्हणतो. त्यानं समजावलं ते असं: प्रत्येक मत म्हणजे दोऱ्याला मारलेली गाठ, आणि त्या दोऱ्याच्या नकला शेकडो ठिकाणी. एक गाठ सोडायला गेलात की पुढच्या सगळ्या बोंब मारतात. एकदा लिहिलं ते पुसायचं नाही. मला फार बरं वाटलं ऐकून. एवढं पक्कं मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही (तुमचे सुतारकामातले सांधे सोडून).

पण यंत्रांना जागा हवी, म्हणून वाचनालयातली लांबट खोली रिकामी करायचं ठरलं आणि खिडकीजवळचा बाक निघाला भंगारात. मामा, तुमचा बाक! पस्तीस वर्षांपूर्वी तुम्ही इथे सुतार होतात आणि मी शाळा सुटली की तुमच्याकडे यायचो, तेव्हा एकही खिळा न मारता केलेला. बाकीच्या बाकांहून चार बोटं बुटका. (का, ते कोणालाच माहीत नाही.) दुपारी त्याच्या एका टोकाला ऊन येतं आणि सावकाश दुसऱ्या टोकाकडे सरकतं. मागोमाग मीही सरकतो, आणि त्या वेळात जगात कुणाला काही घाई आहे असं वाटतच नाही. हुकमावर सही झाली त्या दिवशी मला डबा गिळवेना.

त्याच दुपारी साखळीवाला म्हणाला, चाचणीसाठी एक खोटा उमेदवार घाला. मी बाकावर होतो, पाठीवर ऊन, डोळे अर्धे मिटलेले. तंद्रीत टाइप केलं ‘खिडकीजवळचा बाक’, आणि तेही चाचणीच्या साखळीत नव्हे, खऱ्या! साखळीवाल्यानं कपाळाला हात लावला. आता ब्रह्मदेव आला तरी पुसता यायचं नाही, म्हणाला. कुलसचिवांनी मला यथेच्छ झापलं आणि बाकाला कोण मत देतंय म्हणून सोडून दिलं.

वाचनालयात रोज डुलक्या घेणारी एक मुलगी आहे, तिला सगळे पेंगुळी म्हणतात. तिनं प्रचार हाती घेतला: या उमेदवारानं आजवर कुणाला ऊठ म्हटलेलं नाही. मामा, वाचनालय कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं ती पोरं बाकावर बसून बघायला रांगेत उभी राहिली! मतं पडली दोन हजार, बाकाला सतराशे. कुलगुरू खूश. शिवाय निवडून आलेल्या प्रतिनिधीला वर्षभर आवारातून हलवता येत नाही, असा नियम. मी तरंगतच घरी आलो.

पण कुलसचिव महा खट. त्यांनी दुसरा नियम काढला: मोडकं सामान भंगारात, मग ते अध्यक्ष का असेना. बाकाचा मागचा पाय हलतो. सोमवारी तपासणी आहे. असो. तुम्ही हात थरथरतो म्हणून हत्यारांची पेटी माळ्यावर टाकलीत, तेव्हा तुम्हाला त्रास द्यायचा प्रश्नच नाही. सहज कळवलं.

तुमचा भाचा

ता. क. त्रास द्यायचाय. सोमवारच्या आत पेटी घेऊन या. हात थरथरला तर मी धरीन.

आणखी एक ता. क. तंद्री वगैरे काही नव्हती. चार वेळा वाचून मग बटण दाबलं. साखळीवाल्याला सांगू नका.

शेवटचा ता. क. पाय बघायला काल बाकाखाली शिरलो. फळीच्या खालच्या अंगाला तुमच्या पेन्सिलीनं लिहिलंय: ‘उंची कमी. भाच्याचे पाय टेकले पाहिजेत.’ मामा, मी बराच वेळ तिथेच पडून होतो. या.