सर्वांना समान पेंड

३ फेब्रुवारी, सकाळी ६.४०. परसातल्या सिमेंटच्या टाकीच्या काठावर बसून लिहीत आहे. टाकीत मरळ माशांची तीनशे पिल्ले सोडली. समुद्रातले मासे संपत आले असून जगाला अन्न कमी पडणार आहे, हे मी मोबाइलवर सलग चार व्हिडिओ पाहून पक्के केले. कोणीतरी काहीतरी करायला हवे होते. मी मोकळाच होतो.

भांडवल ताईचे. शिलाई मशीनसाठी साठवलेले चाळीस हजार. तिला शाळेच्या गणवेशांची ऑर्डर मिळाली आहे, मशीन एक जूनला हवे. मी म्हणालो, मेअखेर दुप्पट देतो. ती म्हणाली, दुप्पट राहू दे रे, दिले तेवढे परत आले तरी मी जिंकले. महत्त्वाकांक्षेचा अभाव.

५ फेब्रुवारी. पिल्ले विकणाऱ्या काकांचा फोन. म्हणाले, मासळीचा कूट असलेलं खाद्य घाल आणि दर आठवड्याला मोठे-छोटे वेगळे करत जा, नाहीतर पस्तावशील. दोन्ही सूचना नामंजूर. माशांनाच मासे खाऊ घातले तर जगाचे अन्न वाढणार कसे? आणि मोठे इकडे, छोटे तिकडे, हा भेदभाव माझ्या टाकीत चालणार नाही. सर्वांना समान पाणी, समान पेंड. काका बराच वेळ हसले. जुन्या वळणाचा माणूस.

९ फेब्रुवारी. 'शाश्वत मत्स्यपालन केंद्र' हा फलक आला. पेंटरने 'मत्स' लिहिले होते. पुन्हा रंगवून घेतला. दहावीला दोनदा बसलो, पण शुद्धलेखनात कधी गुण गेला नाही.

२२ फेब्रुवारी. पेंड तशीच तरंगते. काही मासे मात्र अंगाने चांगलेच भरले आहेत. न खाता वाढतात, हा माझा शोध. बाबांना सांगितला. म्हणाले, मग तूही करून बघ, सकाळी दोनदा वाढून घेतोस.

८ मार्च. मोजणी. एकशे सत्तर. उरलेले तळाशी असावेत, लाजाळू जात. संध्याकाळी पुन्हा मोजले. एकशे अडुसष्ट. शेजारच्या मांजरावर संशय. शेजारच्या काकूंना लेखी समज दिली. काकू चिठ्ठी हातात घेऊनच आल्या, म्हणाल्या, आमच्या मांजराला जिना उतरवत नाही, त्याचं वजन वाढलंय. वजन कशाने वाढले, एवढेच मी विचारले. तरातरा निघून गेल्या.

२ एप्रिल. टाकीवर जाळी बसवून आठवडा झाला. तरी एकसष्टच. ताईने डोकावून विचारले, त्या मोठ्याच्या तोंडातून शेपूट बाहेर आलंय, ते कुणाचं? मी म्हणालो, त्याचेच. नंतर नीट पाहिले. त्याचे मागे होते.

३ एप्रिल. काकांना फोन केला नाही. हसतील. आता वेगळे करायचे म्हणजे आणखी दोन टाक्या आणायच्या. शिवाय आता केले तर आधी चुकलो होतो असे ठरेल. संख्या घटली असली तरी सरासरी वजन कमालीचे वाढले आहे. ताईला आलेख दाखवला. तिने विचारले, ही सरासरी बाजारात काय भावाने जाते?

१० मे. चार. खाणावळवाल्या मामांना पन्नास किलो द्यायचा शब्द गेला होता. बाजारातून गोठवलेले आणले. खोक्यावर परदेशाचा शिक्का, तो आधी फाडला. किलोमागे चाळीस रुपये तोटा, तो बाबांकडून उसना. जेवणारे म्हणाले, घरच्या टाकीतल्या माशाची चवच वेगळी. मी नम्रपणे मान लववली. जगाला अन्न पुरवणे सोपे नाही.

३१ मे. एक. कोपरापर्यंत लांब. काठाशी येऊन माझ्याकडे टक लावून बघतो. मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, चारशे देते. मी म्हणालो, मावशी, ह्याच्यात तीनशे मासे आहेत. म्हणाल्या, मग तूच त्यांना बाहेर काढ बाबा, मी सुटे विकते.

चारशेला दिला.

१ जून. ताईने मशीन भाड्याने आणले. ओरडली असती तर बरे झाले असते. दुपारी तिने सुई आणि बटणांचा डबा माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, अक्षर नीट आहे तुझं, टाकेही नीट येतील. बटणामागे एक रुपया कर्जातून वजा. मग सदऱ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली, आधी मोठे आणि छोटे वेगळे कर.

दोन ढीग केले.

खर्च: टाकीची दुरुस्ती, पंप, पिल्ले, पेंड, जाळी, फलक (दोनदा), सगळे मिळून चाळीस हजार.
बाबांचे देणे: दोन हजार.
ताईचे देणे: चाळीस हजार, वजा मासा चारशे, वजा बटणे चौतीस (लावली चाळीस, सहा उलटी). बाकी एकोणचाळीस हजार पाचशे सहासष्ट.