ननबाईंचा गिअर

प्रिय तित्सियानो,

द्राक्षं उतरवून झाली. जूनमधल्या गारांनी अर्धा मळा झोडपला, पण उरलेली गोड निघाली. ब्रुना मावशीची कंबर आहे तशीच आहे, आणि तुझी चौकशी करण्याची तिची सवयही. मी सांगते, मिलानला मजेत आहे तो. तू मजेत आहेस की नाही हे मला कुठे ठाऊक असतं? फेब्रुवारीत पापांना पोचवायला आलास, जेवायलाही थांबला नाहीस, आणि त्यानंतर तुझा फोन आला तो परवा, थेट सायकलीसाठी. "ओर्ने, ती निळी सायकल मला दे. बैठकीच्या भिंतीवर लावतो. पण कुणाला हात लावू देऊ नकोस हं, सगळं मूळचं हवं, त्यातच मजा आहे." मी "बघते" म्हणाले. काय बघते ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं.

आई गेल्यापासून पापा दर रविवारी त्याच सायकलीवरून वर दफनभूमीत जायचे, हे तुला माहीत आहे. निदान माहीत होतं. खिशात फुलं, देठांना ओल्या कापडाची गुंडाळी. पुलापासूनची ती चढण तू सोळाव्या वर्षी शर्यतीत जिंकली होतीस, तेव्हा पापा तुझ्यामागे "उठ, उठ, उभा राहून मार!" असं ओरडत धावले होते. त्या सायकलीला पुढे बेचाळीस दात्यांचं चक्र आणि मागे मुठीएवढं; मागचं जितकं मोठं, तितका चढणीवर पाय हलका. त्यावर चढेल तो पुरुष, आणि त्याहून हलकं लावेल तो ननबाई. आपल्या गावाशिवाय हा शब्द कुठे असेल असं वाटत नाही. खालच्या मठातल्या नन सायकलींवर झगे सावरत, पाय भराभरा फिरवत, भाजी चिरावी तशा टेकडी चढायच्या, आणि बारच्या पायरीवरचे पुरुष हसायचे. नन मात्र वर पोचायच्या, हे कुणी बोलत नसे.

पापांचं वय झालं तशी त्या चढणीवर त्यांची छाती भरून यायला लागली. मी म्हटलं, मी गाडीने नेते. तर म्हणाले, "आपल्या गावात त्या रस्त्याने गाडीतून कोण जातं? मेलेला. तुझ्या आईला वाटेल, आला हा." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले. मग एक दिवस गुपचूप गिल्दोच्या दुकानात सायकल घेऊन गेले. पुढचं चक्र पेडलच्या त्या जुन्या दांड्यावर याहून लहान बसत नाही, म्हणून गिल्दोने मागे मोठं, अठ्ठावीस दात्यांचं बसवलं, त्याला पुरेल अशी लांब चेन घातली, आणि गिअर बदलणारा लांब दांडीचा भाग कुठूनसा शोधून आणला. शनिवारी पापांनी अंगणात सायकल उलटी उभी केली, पेडल हाताने फिरवलं आणि मला बोलावलं. "बघ, कशी लोण्यासारखी फिरते." त्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली.

दुसऱ्या दिवशी तू आलास. मित्रांबरोबर, त्या काळ्या नव्या सायकलीवरून, गावातून जाता जाता. पापा फुलं खिशात घालून बारसमोरून निघाले होते. तू त्यांच्या मागच्या चाकाकडे बघितलंस आणि पायरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "अरे वा, ननबाई निघाल्या प्रार्थनेला! पापा, पुढच्या खेपेला टोपली लावा, अंडी आणायला बरी." सगळे हसले. पापाही हसले. म्हणाले, "गाढवा, तुझ्या आईकडे चाललोय, तिला शर्यत नाही लावायची." चांगलं उत्तर होतं. तू त्यांच्या खांद्यावर थाप मारलीस आणि निघून गेलास. मी रस्त्याच्या पलीकडे पावाची पिशवी घेऊन उभी होते. तू गेल्यावरही ते तुझ्या सायकलीकडे बघत होते. तुझ्या मागच्या चाकावर त्यांच्यापेक्षा मोठं चक्र होतं, तित्सियानो. तुला ठाऊक होतं की नव्हतं? नवीन सायकलींना तसंच येतं, त्याला कुणी काही म्हणत नाही. पापांनी ते पाहिलं. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांच्या चाकांचे दाते लांबून ओळखले, त्यांना ते दिसणारच. पण मुलाला लोकांसमोर ननबाई म्हणायचं त्यांच्याच्याने झालं नाही.

त्या रविवारी ते वर गेले नाहीत. सोमवारी गिल्दोकडे जाऊन म्हणाले, "काढ ते. जुनं बसव." गिल्दो म्हणाला, "नेरेओ, जीव जाईल त्या चढणीवर." तर म्हणे, "चढतोय कोण?"

नंतरचा एक रविवार मी पाहिला. पहिल्या वळणावर ते सायकल धरून उभे होते, आणि कोणाच्या तरी वेलींची छाटणी न्याहाळत असल्यासारखं करत होते. मला पाहून म्हणाले, "चेन पडली." हात स्वच्छ होते. मग त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. रविवारी जर्सी घालायचे, सायकल पुसायचे, नदीकाठच्या सपाट रस्त्याने जाऊन यायचे. फुलं माझ्या हाती द्यायचे. संध्याकाळी विचारायचे, "पाणी घातलंस ना? काही म्हणाली का ती?" मी म्हणायचे, तुमची वाट बघतेय. पुढे पुढे ते म्हणणं मी बंद केलं. तू फोन केलास की त्यांचं तेच, "गुडघा रे. म्हातारपण." तुझं त्यात नाव येऊ नये म्हणून हे सारं. मीही गप्प बसले, कारण त्यांनी माझ्याकडून तसं वचन घेतलं होतं. शेवटी ते त्या रस्त्याने गाडीतूनच गेले. तू पुढच्या सीटवर बसला होतास.

आता सायकलीचं. गिल्दोने ते मोठं चक्र तेलाचा बोळा फिरवून कपाटात जपून ठेवलं होतं, लांब चेन आणि तो लांब दांडीचा भागही. गेल्या महिन्यात मी त्याला ते सगळं पुन्हा बसवायला सांगितलं. सीट माझ्या उंचीला खाली आणली. पहिल्या रविवारी बारच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलंच, "ननबाई!" मी घंटा वाजवली. पहिल्या वळणावर दम लागला, पण पाय फिरत राहिले, आणि मी न उतरता वर पोचले. दोघं शेजारी आहेत. मी त्यांना काही सांगितलं नाही, फुलं ठेवली आणि तिथेच बसून घाम पुसला.

तेव्हा सायकल मिळणार नाही. पण तू मूळचं मागितलं होतंस, ते या पार्सलमध्ये आहे. मुठीएवढं चक्र, आखूड चेन आणि गिअरचा जुना भाग. पापांनी ते पुन्हा बसवून घेतलं त्या दिवसापासून त्यावर एकदाही चढण चढली गेली नाही, पण आधीच्या चढणींनी दाते झिजून धारदार झालेत. कागद उघडताना हात सांभाळ. भिंतीवर लाव. कुणी विचारलं, हे काय, तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. गुडघ्याचं मात्र सांगू नकोस.

सायकलीचं चक्र बदलता आलं, नातं बदलता येत नाही, म्हणून तुझीच,
ओर्नेल्ला