लिंक सोमवारपर्यंत

मंगळवार, ९ सप्टेंबर

लिंक पाठवा म्हणाली. सोमवारपर्यंत. एवढं बोलून फोन ठेवला! मी नमुन्यांच्या खोलीत उभी, एका हातात कटर, दुसऱ्यात पुठ्ठा.

चष्मेवाली बाई. आधी औषधकंपनीकडून आमच्याकडे खोकी घ्यायला यायची, आता एका मोठ्या कंपनीत गेलीये. तिथं खोक्यांचे नमुने करणारं माणूस हवंय. "तुमच्यासारखी घडी कुणाची बसत नाही. प्रोफाइलची लिंक तेवढी द्या, साहेबांना दाखवते." मी हो म्हणून बसले. प्रोफाइल कुठाय माझं? कधीतरी जावेच्या पोरीने हौसेने उघडून दिलं होतं, नोकरदारांच्या त्या साइटवर. पासवर्ड तिलाच ठाऊक असेल, आणि तिला विचारायचं म्हणजे गावभर दवंडी.

गोंदाशिवाय बंद होणारं बाटलीचं खोकं माझं आहे. कितीतरी पुठ्ठे वाया घालवून जमलेलं. मोठे भावोजी ते गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि म्हणतात, घरचंच काम आहे. मला दाखवूनही तेच, "ही आमची घरचीच." कारखान्याच्या कुठल्याच कागदावर माझं नाव नाही. मशीनवर तरी कंपनीचं नाव असतं.

भावोजींना कळलं तर?


बुधवार, १०

ह्यांना सांगितलं. जिन्यात, कुजबुजत, कारण घरातल्या भिंतींना कान आहेत आणि ते सासूबाईंचे आहेत.

ह्यांचा चेहरा उतरला. "दादाला कळलं तर?" मग, "धाकट्याचं काय झालं ते विसरलीस?"

कशी विसरेन. धाकटे दुसरीकडे नोकरीला लागले, एवढाच गुन्हा. भांडण नाही, आदळआपट नाही. भावोजींनी बोलणं थांबवलं. मग घरात त्यांचं नाव निघेना. तिघा भावांचा फोटो भिंतीवरून उतरला, तिथं आता घड्याळ आहे. धाकटे एकदा सासूबाईंना भेटायला आले तर भावोजी जेवता जेवता उठून खाली कारखान्यात गेले आणि ते परत जाईपर्यंत वर आले नाहीत.

आमचं सगळं एका छपराखाली. खाली मशिनं, वर स्वयंपाकघर. माझी पोरगी जावेच्या पोरीच्या कुशीत झोपते. मला वाळीत टाकलं तर पोरीलाही टाकतील का? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू बघ बाई." बघते. मीच बघते नेहमी.


गुरुवार, ११

पासवर्ड नवा करून घेतला. उघडलं एकदाचं. फोटो बघून हसावं की रडावं! कुणाच्या तरी लग्नातला, कापून घेतलेला, आणि माझ्या खांद्यावर जाऊबाईंचा हात तसाच राहिलाय, अंगठीसकट. जाऊबाई स्वतः मात्र गायब.

‘सध्या काय करता?’ असं विचारतंय. खोक्यांची रचनाकार, असं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. खाली खोक्याचा फोटो टाकला. कुणी खोटं ठरवायला आलं तर मी काय पुरावा देणार?

जेवताना भावोजी म्हणाले, "हल्ली फोनमध्ये फार असतेस." पोरीच्या शाळेचं आहे म्हटलं. "बरं," म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे काय ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.


शनिवार, १३

लिंक सापडेना. स्वतःचंच पान, आणि त्याचा पत्ता मला माहीत नाही. शेवटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडलं, वर जी ओळ दिसली ती उचलली आणि चष्मेवालीला धाडून दिली. लॉगआउट केलं. केलं ना? खाली जाऊन परत बघून आले. केलं होतं. परत जाऊन बघितलं. दुसऱ्यांदा जाताना भावोजी जिन्यात भेटले. केस चापूनचोपून बसवलेले, कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणाले फोटो काढायला गेलो होतो, कसल्याशा परवान्याला लागतो. मी मान हलवली. मला त्यांच्या फोटोचं काय.

औषधवाल्यांची मोठी ऑर्डर अजून आली नाही. एक मशीन झाकून ठेवलंय. उशीर होतोय, असं भावोजी म्हणाले.


रविवार, १४

चष्मेवालीचा निरोप: "अहो, ही लिंक उघडली की मला माझंच पान दिसतंय." म्हणजे मी जी ओळ पाठवली ती ज्याची त्याला स्वतःचं तोंड दाखवते. आरसा पाठवला मी तिला!

मग फोनवर शोधलं. फोटोखाली तीन ठिपके, ते दाबले की संपर्काची माहिती, तिथं लिंक. होती डोळ्यासमोर, काखेत कळसा. पाठवली. "आता दिसतंय, छान आहे," असं आलं.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण साइट मध्ये मध्ये काहीतरी विचारत होती आणि मी घाईत हो, हो, पुढे, हो करत सुटले होते. शेवटी आलं: आमंत्रणं पाठवली. कुणाला? फोनमधल्या सगळ्यांना. आणि हा फोन माझा नाहीच मुळी. भावोजींचा जुना फोन मला मिळालाय, नंबर-पत्त्यांसकट. आत गिऱ्हाइकं आहेत, पुठ्ठेवाला आहे, शाईवाला आहे. भावोजी स्वतः आहेत.

जेवण गेलं नाही. जाऊबाई विचारतायत, बरं नाही का? बरं नाही म्हटलं. ते तरी खरं.


सोमवार, १५

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याने आमंत्रण स्वीकारलं. वर अभिनंदन म्हणाला.

आमंत्रणं मागे घेता येतात असं वाचलं. जेवढी घेता आली तेवढी घेतली. पण ज्यांचं त्या साइटवर खातंच नाही त्यांना मेल जातो, आणि गेलेला मेल परत येत नाही. भावोजींचं खातं नाही. म्हणजे मेल गेला. माझ्या नावाचा, माझ्या फोटोचा, ‘खोक्यांची रचनाकार’ असं लिहिलेला.


मंगळवार, १६

भावोजी दिवसभर काही बोलले नाहीत.


बुधवार, १७

सही घ्यायच्या निमित्ताने केबिनमध्ये गेले. भावोजी नव्हते. कॉम्प्युटर उघडा. मी बघायला नको होतं, बघितलं. माझा मेल होता. न वाचलेले ठळक दिसतात, हा ठळक नव्हता. वाचलाय.

मागून आवाज आला, "काय हवंय?"

"सही."

त्यांनी सही केली. माझ्याकडे नाही, कागदाकडेही नाही, खिडकीकडे बघत केली. जिन्यात कठड्याला धरून उभी राहिले. धाकट्यांच्या वेळीही अशीच शांतता होती. आधी शांतता, मग घड्याळ.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" नव्हतं म्हटलं. काहीच म्हटलं नव्हतं. पण भांडायचंही त्राण नाही.

पोरीला आज उगाच जवळ घेऊन बसले. ती म्हणाली, आई, सोड ना, गरम होतंय.


गुरुवार, १८

चष्मेवालीचा फोन. साहेबांनी लिंक बघितली, खोकं आवडलं, पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावतील. "एकट्याच या, नमुने घेऊन या." आनंद व्हायला हवा होता. पुठ्ठ्याच्या ढिगावर बसून रडले. नोकरी मिळाली तर घर जाईल, नाही मिळाली तरी भावोजींना कळलंच आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

संध्याकाळी ताटं घेताना भावोजी हळूच म्हणाले, "उद्या दुपारी केबिनमध्ये ये. एकटीच ये. ह्याला सांगू नकोस."

जाऊबाईंनी ऐकलं नाही. सासूबाईंनी ऐकलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या.


शुक्रवार, १९

गेले. त्यांनी दार लावून घेतलं. मी मनात सगळं पाठ केलं होतं, माफी मागायची की नाही तेसुद्धा.

भावोजींनी फोन माझ्यापुढे सरकवला. त्यांचं प्रोफाइल. कडक इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. म्हणाले, कारखाना महिनाअखेर बंद होतोय, घरात कुणाला माहीत नाही. औषधवाले गेले. ती चष्मा लावणारी बाई आहे ना, तिच्याकडे माणूस हवंय, लिंक मागितलीये, सोमवारपर्यंत. "तुझं आमंत्रण आलं तेव्हा कळलं, तुला हे जमतं. लिंक कुठून काढायची तेवढं दाखव." मी त्या साइटवर कशाला गेले असेन, हे त्यांनी विचारलंच नाही. मनातही आलं नसावं.

बोलताना ते शर्टाची कॉलर उगाच सारखी करत होते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. तीन ठिपके दाबून दिले. पान खाली सरकलं तर तिथं माझं खोकं. माझं. खाली लिहिलेलं: माझी रचना.

माझी नजर त्यांनी ओळखली. "घरचंच आहे ना," म्हणाले.

मी म्हटलं, "भावोजी, त्या बाईंकडे माझी लिंक गेलीये. आधीच."

त्यांनी विचारलं, "कसली लिंक?"

मी माझा फोन काढला आणि त्यांना पाठवली.