रबराची भानगड

२ जानेवारी, गुरुवार

परत तीच आग! नुसती खाज, नुसती सूज. बसवत नाही, उभं राहवत नाही. महिपतरावांना तोंडावर विचारलं — कुठून आणलंत हे दुखणं? टेम्पो घेऊन भिवंडीला मुक्काम पडतो तो उगाच? तोंड पाडून म्हणतात, "नंदा, देवाशप्पथ, गाडीतच झोपतो." देवाला बरा कामाला लावलाय! गादी बाहेरच्या खोलीत टाकली. झोपा आता देवाबरोबर.

तांबी सोसली नाही म्हणून काढली. ऑपरेशनचं नाव काढलं की महिपतरावांना चक्कर येते. म्हणून हे निरोध. एवढं करून वर ही खाज. काय ते संसाराचं सुख!

४ जानेवारी, शनिवार

सान्वी आली माहेरी. दिवाळीनंतर लग्न झालं, आणि आत्ताच बॅग भरून! खोदून खोदून विचारलं. बोलली एवढंच — "नाही जमत गं ऋतुराजबरोबर. जवळ आला की नकोसं होतं."

मी म्हटलं, बाहेर काही करत असेल. पुरुषाची जात! तुझ्या बापाचं बघतेयस ना, कुठे झोपतो ते? राहा इथेच, मी आहे. रडली. बरं झालं, रडून मोकळी झाली.

६ जानेवारी, सोमवार

उत्तरा डॉक्टरीणबाईंकडे गेलेली. माझ्या नि महिपतरावांच्या तपासण्या आल्या. दोघांच्या पण साफ! बाईंनी माझे हात बघितले. "हे चट्टे कसले?" म्हटलं, वागळे इस्टेटला कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासते, साबणाने होतं. "हातमोजे घालता?" — घालते की, रबराचे. "मग साबणाला कशाला शिव्या देता? रबराच्या चिकाची ॲलर्जी आहे तुम्हाला. लॅटेक्स म्हणतात त्याला. निरोध पण त्याचाच असतो. फुगे फुगवताना ओठ सुजतात?"

बाई, या वयात फुगे कोण फुगवतं!

चिठ्ठी दिली. डबीवर 'नॉन-लॅटेक्स' लिहिलेलं असेल तेच घ्यायचं.

गादी आत घेतली. माफी? गादी आली ना आत, अजून काय पाहिजे!

८ जानेवारी, बुधवार

महिपतरावांना मेडिकलला पाठवलं. चिठ्ठी घरीच विसरले. आणलं काय, तर स्ट्रॉबेरीच्या वासाचं! "महाग होतं, म्हटलं रबराचं नसेल." मी खाज म्हणते, हे फळं आणतात. परत पाठवलं तर 'एकदम पातळ' घेऊन आले. पातळ केलं की रबराचं काय रेशीम होतं?

९ जानेवारी, गुरुवार

शेवटी मीच गेले. आपल्या डोंबिवलीत नको, कल्याणला उतरले. मेडिकलवाला कानात सांगितल्यासारखा बोलतो — "ताई, कोणाला पाहिजे?" म्हटलं, मला! म्हातारी दिसते का मी? मागच्या दोघी खोकल्याचं औषध विसरल्या. चिठ्ठी दाखवली. आतून शोधून एक डबी काढली. म्हटलं, काय लिहिलंय ते वाचा, मला इंग्रजी येत नाही. पुटपुटला. मोठ्याने वाचा! वाचलं बिचाऱ्याने. मग पेपरात गुंडाळून वर काळी पिशवी. जसा काय बॉम्बच!

११ जानेवारी, शनिवार

काही झालं नाही. म्हणजे सगळं झालं, खाज नाही झाली. महिपतराव चहा करायला उठले! कधी नव्हे ते.

१२ जानेवारी, रविवार

शेजारी बारशाची तयारी. सान्वी फुगे फुगवायला गेली आणि परत आली ती ओठ हे एवढे! मी बघतच राहिले. आत नेलं, दार लावलं. विचारलं, तुम्ही पण निरोधच वापरता ना? तुला पण होतं का गं? आग? सूज? मान खाली. "हो. तुला कसं सांगणार होते?"

आणि मी काय सांगून बसले पोरीला!

उद्या ठाकुर्लीला सासरी पोचवते. पहिली संक्रांत आहे. सासूने काळी साडी, हलव्याचे दागिने, सगळं आणून ठेवलंय म्हणे. ऋतुराजला डबी दिली की मिटलं.

१३ जानेवारी, सोमवार

मिटलं कसलं. सान्वी म्हणते — "आई, तू म्हणालीस ना, म्हणून मी त्याच रात्री सासूला फोन करून सांगितलं, तुमचा मुलगा बाहेर जातो." ऋतुराज घर सोडून मित्राकडे राहायला गेलाय. दागिने सासूने नणंदेला देऊन टाकले.

तिळाचे लाडू केले. डब्यात लाडवांच्या खाली डबी ठेवली. उद्या विहीणबाईंसमोर बसायचं आणि बोलायचं. काय बोलायचं? चूक माझी? हे शब्द माझ्या तोंडून आजवर निघालेत कधी!

महिपतराव शर्टाला इस्त्री करत बसलेत. म्हणाले, "मी येतो. तू नुसती बस. गादी बाहेर टाकलेल्या माणसाचं ऐकेल जावई."