द्रौपदीमावशींच्या दारातली लादी

४ जानेवारी

सापडला! आणि कुठे? आमच्याच मजल्यावर, मुलुंडमध्ये! समोरच्या द्रौपदीमावशींनी चपलांचं स्टँड धुवायला हलवलं, आणि खालच्या पिवळ्या जैसलमेरी लादीत अख्खा अमोनाइट — गोगलगायीसारखं वेटोळं, डायनोसॉरच्या काळातला, दगड झालेला समुद्रातला जीव. मी मेली प्रदर्शनं पालथी घालून असले दगड आणते, आणि हा रोज चपलांखाली!

नितेशला सांगायचं नाही. या नवऱ्याला सांगणं म्हणजे अख्ख्या सोसायटीला सांगणं. घाटकोपरच्या चंद्रप्रकाशला तर वासही लागता कामा नये. तो स्वतःला फार मोठा संग्राहक समजतो — मोठी मी आहे.

५ जानेवारी

मावशींना म्हटलं, "तुमची लादी तडकलीय. मी बदलून देते, फुकट."

मावशी बघतच राहिल्या. "फुकट? का गं? बरं नाही का तुला?"

चुकलंच. पैसे मागायला हवे होते!

७ जानेवारी

मावशींनी मजल्यावर विचारलं, मजल्याने बिल्डिंगभर. सेक्रेटरी दत्ताराम दारात हजर — "वहिनी, एकीला नवी लादी, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

वाट लागली.

१२ जानेवारी

सोसायटीची मीटिंग. ठराव — सगळ्या मजल्यांवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स! 'अनुपमावहिनींच्या पुढाकाराबद्दल' टाळ्या. मी हसतेय. जुन्या लाद्या फोडून डेब्रिजमध्ये जाणार! "मला एक हवी, आठवण म्हणून," म्हटलं. मग वरच्या मजल्यावरची श्रुतिका म्हणाली, "मग आम्हालाही एक." अर्ध्या बिल्डिंगने नावं दिली. कसली आठवण, कुणालाच माहीत नाही.

२० जानेवारी

फोडाफोडी सुरू. रजा टाकली. मावशींच्या दारात, त्या लादीवरच खुर्ची मांडून बसलेय. "भैया, धीरे!" ओरडून घसा बसला.

२१ जानेवारी

निघाली! साधा टवकाही नाही! रडले मी, खरंच. हा माझ्या सगळ्या संग्रहातला एकमेव — माझा मी शोधलेला. बाकी सगळे विकतचे.

२२ जानेवारी

राहवेना. मावशींना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा लावून लादी नीट बघितली. "हे गोल? अगं, तुझ्या हॉलमध्ये होते की असले! दिवाणाखाली तर दोन. तूच फोडून मार्बल घातलंस ना — 'माझे दगड बघायला लोक येतात, जमीन जुनाट दिसते' म्हणून?"

आज जेवण गेलं नाही.